आठ मिलिमीटरच्या चौकटीतली क्रेन

लीभेर कंपनीची ‘एलटीएम ११२००-९.१’ ही जगातल्या सर्वांत ताकदवान टेलिस्कोपिक मोबाइल क्रेनपैकी एक. तिला नऊ आस आहेत, बूम १०० मीटरपर्यंत लांबतो आणि क्षमता सांगितली जाते १२०० टन. पण हा आकडा लागू होतो तो बोजा क्रेनच्या मध्यापासून अवघ्या अडीच मीटरवर असताना. बोजा लांब गेला की क्षमता झपाट्याने उतरते. बूम पुरता बाहेर काढला की मूळ आकड्याचा लहानसा अंश तेवढा उरतो. म्हणून क्रेनचालक नेहमी लोड चार्ट पाहून काम करतो: बूमची लांबी किती, बोजा किती अंतरावर, काउंटरवेट किती, आणि त्या हिशेबात किती वजन उचलता येईल. क्रेनची ताकद एका आकड्यात मावत नाही, तिला कोष्टकच लागतं.

हे कोष्टक हाडीमांसी भिनवायचं असेल तर माझ्या मते एक उत्तम वाट आहे. लेगो टेक्निकच्या तुकड्यांतून मोटरवर चालणारी मोबाइल क्रेन स्वतः आखायची आणि बांधायची. डब्यातल्या पुस्तिकेबरहुकूम जोडलेली क्रेनही देखणी होते, पण तिच्यातले प्रश्न आधीच कुणीतरी सोडवलेले असतात. कोरी आखणी करायला बसलं की तेच प्रश्न एकेक करून समोर उभे राहतात, आणि ते कारखान्यातल्या अभियंत्याला पडणारेच असतात.

क्रेन आणि बांधणीची खेळणी यांचं नातं जुनं आहे. लिव्हरपूलमध्ये कारकुनी करणारा फ्रँक हॉर्नबी आपल्या मुलांसाठी पत्र्याच्या पट्ट्यांपासून पूल आणि क्रेन बनवत असे. सगळ्या पट्ट्यांना एकसारख्या अंतरावर भोकं पाडली तर तेच तुकडे हव्या त्या यंत्रात पुन्हा पुन्हा वापरता येतील, हे त्याच्या लक्षात आलं. १९०१ साली त्याने पेटंट घेतलं आणि त्यातूनच मेकॅनो आला. त्याच्या भोकांमधलं अंतर होतं अर्धा इंच. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावी १९३२ साली सुरू झालेल्या लेगोने १९५८ साली आजच्या ठोकळ्याचं पेटंट घेतलं, आणि १९७७ साली गिअर, शाफ्ट आणि भोकांच्या दांड्या असलेली मालिका बाजारात आणली. हीच पुढे ‘टेक्निक’ म्हणून ओळखली जाऊ लागली. दुसऱ्याच वर्षी, १९७८ साली, तिच्यात मोबाइल क्रेन आली. २०१३ सालच्या ‘मोबाइल क्रेन एमके टू’मध्ये २६०६ तुकडे होते, आणि एकच मोटर गिअरबॉक्समधून आळीपाळीने वेगवेगळ्या कामांना जोडली जात होती. २०२३ साली लीभेरच्या ‘एलआर १३०००’ या साखळपट्ट्यांवर चालणाऱ्या क्रेनची प्रतिकृती आली, २८८३ तुकड्यांची.

या सगळ्या बांधणीचा पाया म्हणजे आठ मिलिमीटर. टेक्निकच्या दांडीवर एका भोकाच्या मध्यापासून पुढच्या भोकाचा मध्य बरोबर आठ मिलिमीटरवर असतो. गिअरसुद्धा याच मापाला बांधलेले. आठ दात्यांच्या गिअरची त्रिज्या ४ मिलिमीटर, सोळाची ८, चोवीसची १२, चाळीसची २०. आठ आणि चोवीस दात्यांचे गिअर शेजारी बसवले की त्यांच्या मध्यांतलं अंतर होतं १६ मिलिमीटर, म्हणजे नेमकी दोन भोकं. आठ आणि चाळीसला लागतात तीन. पण सोळा आणि चोवीसची जोडी घेतली तर अंतर येतं वीस मिलिमीटर, अडीच भोकं, आणि सरळ दांडीवर ते कुठेच बसत नाही. मग एक तर अर्ध्या भोकाने सरकवणारा जोडतुकडा शोधायचा, नाही तर गुणोत्तरच बदलायचं. खऱ्या कारखान्यात हवा तो गिअर कापून घेता येतो. इथे मोजकी मापं हाताशी असतात आणि त्यांतूनच मार्ग काढावा लागतो. आखणीची खरी कसोटी इथेच लागते.

सुरुवात बहुतेक जण खालच्या गाडीपासून करतात. मोबाइल क्रेन लांब असते आणि तिला वळवणं हे एक प्रकरणच आहे. समजा चार आसांची गाडी आहे, मागचे दोन आस स्थिर आणि पुढचे दोन वळणारे. वळताना सगळी चाकं एकाच बिंदूभोवती फिरायला हवीत. तसं झालं नाही तर टायर आडवे घासतात आणि मोटर कण्हू लागते. मागच्या दोन आसांच्या मध्यापासून पहिला आस २४ सेंटिमीटरवर आणि दुसरा १६ सेंटिमीटरवर असेल, तर पहिल्या आसाची चाकं दुसऱ्याच्या साधारण दीडपट वळायला हवीत. यावरचा उपाय फार सुंदर आहे. दोन्ही आसांना एकच लांब दांडी मागेपुढे सरकवते. पहिल्या आसावरचा वळणाचा हात दोन भोकांचा, म्हणजे १६ मिलिमीटरचा ठेवायचा आणि दुसऱ्यावरचा तीन भोकांचा, म्हणजे २४ मिलिमीटरचा. दांडी सरकते तेवढीच, पण आखूड हात जास्त कोनातून फिरतो. हवं ते दोनास तीनचं गुणोत्तर एकही जादा गिअर न लावता मिळतं.

वरचा भाग फिरतो तो टर्नटेबलवर, आणि पहिला मोठा पेच पडतो तो इथे. मोटर आणि बॅटरी ठेवायची कुठे, खाली की वर? खाली ठेवली तर वजन बुडाशी राहतं, पण बूम उचलणं, लांबवणं आणि विंच फिरवणं या कामांची ताकद टर्नटेबलच्या मधल्या भोकातून वर न्यावी लागते. तिथून एक शाफ्ट सहज जातो. एकाहून जास्त न्यायचे तर एकात एक बसणाऱ्या गिअरची कसरत करावी लागते. शिवाय वरचा भाग फिरला की तो शाफ्टही त्याच्या सापेक्ष थोडा फिरतो, आणि कुणी बटण न दाबता हुक वरखाली होतो. बॅटरी वर ठेवली तर हा त्रास संपतो, पण चाकांपर्यंत वीज न्यायची तर वायर मधून खाली सोडावी लागते आणि क्रेन एकाच दिशेने फिरत राहिली की वायरला पीळ पडतो. खऱ्या क्रेनमध्ये यासाठी तेल वाहून नेणारा फिरता सांधा असतो, आणि काही मोठ्या क्रेनमध्ये खाली एक व वर एक अशी दोन इंजिनं असतात.

अनुभवी बांधणारे बहुधा बॅटरी वर आणि मागे ठेवतात, आणि त्यामागचा विचार मला फार आवडतो. सहा पेन्सिल सेलची पेटी हा प्रतिकृतीतला सर्वांत जड तुकड्यांपैकी एक. ती बूमच्या विरुद्ध टोकाला बसवली की काउंटरवेटचं काम आपोआप होतं. जे ओझं कुठेतरी वाहायचंच आहे, त्यालाच कामाला लावलं.

आता वेग. लेगोची एम मोटर रिकामी फिरताना ९ व्होल्टवर मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेते. तिच्या शाफ्टवर वर्म गिअर बसवून तो ६० दात्यांच्या टर्नटेबलला भिडवला, तर वर्मच्या एका फेऱ्यामागे एकच दाता सरकतो, आणि क्रेन साधारण नऊ सेकंदांत पूर्ण वळसा घालते. कागदावर हे ठीक वाटतं. प्रत्यक्षात टोकाला लटकलेला बोजा झोके घेऊ लागतो आणि त्या झोक्यानेच क्रेन कलंडू शकते. मध्ये आठ आणि चोवीस दात्यांची एक जोडी घातली की वळसा २७ सेकंदांचा होतो आणि हालचालीला क्रेनचा डौल येतो. वर्मचा आणखी एक गुण असा की तो गिअरला फिरवतो, पण गिअर त्याला फिरवू शकत नाही. मोटर थांबली की बूम जागच्या जागी राहतो, ब्रेक वेगळा लागत नाही. मोटर अडकलीच तर तिला वाचवायला पांढरा चोवीस दात्यांचा क्लच गिअर असतो. त्याच्या अंगावरच २.५ ते ५ न्यूटन सेंटिमीटर असा आकडा कोरलेला आहे. त्यापलीकडे जोर गेला की तो आतल्या आत घसरतो.

बूम हा या यंत्राचा कणा. तीन टप्प्यांचा बूम एकाच मोटरने लांबवायची युक्ती दोरीत आहे. मधला टप्पा दातेरी पट्टीने बाहेर ढकलायचा. एक दोरी पहिल्या, स्थिर टप्प्याला बांधून मधल्या टप्प्याच्या पुढच्या टोकावरच्या कप्पीवरून मागे आणायची आणि तिसऱ्या टप्प्याच्या बुडाला बांधायची. मधला टप्पा दहा सेंटिमीटर बाहेर आला की कप्पीही दहा सेंटिमीटर पुढे जाते, आणि दोरी तिसऱ्या टप्प्याला वीस सेंटिमीटर पुढे ओढते. आत घेण्यासाठी उलट बाजूने तशीच दुसरी दोरी.

लांबलेला बूम वाकतो, आणि तो का वाकतो हे पाहण्यासारखं आहे. विसाव्या हिश्शाच्या प्रतिकृतीत लांबी वीसपट कमी होते, आडव्या छेदाचं क्षेत्रफळ चारशेपट आणि वजन आठ हजारपट. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या मानाने लहान क्रेन मोठीपेक्षा कितीतरी मजबूत ठरते. तरीही तिचा बूम झुकतो, कारण प्लॅस्टिक पोलादाइतकं ताठ नसतं आणि प्रत्येक पिन व भोकात केसभर ढील असते. अशा पन्नास जोडांची ढील टोकाशी एकत्र येते. त्यावर इलाज तीन. दांड्या उभ्या ठेवून पेटीसारखा चौकोनी छेद करायचा, न हलणाऱ्या जोडात घट्ट बसणाऱ्या काळ्या पिना वापरायच्या, आणि लांबवलेला टप्पाही मागच्या टप्प्यात भरपूर आत राहील असं पाहायचं.

शेवटी सगळं येऊन ठेपतं तोलापाशी. एक उदाहरण घेऊ. क्रेनचे आउटरिगर, म्हणजे बाजूला पसरणारे आधाराचे पाय, मध्यापासून १० सेंटिमीटरवर टेकले आहेत. कलंडायची झाली तर ती त्या रेषेवरून कलंडेल. बूम सोडून बाकी क्रेनचं वजन दोन किलो, मध्याशी धरलं, तर तिला धरून ठेवणारा जोर २००० गुणिले १०, म्हणजे २०,०००. बोजा ३०० ग्रॅमचा, मध्यापासून ४० सेंटिमीटरवर, म्हणजे रेषेपासून ३० वर: ९,०००. बूमचं स्वतःचं वजन ४०० ग्रॅम, मध्यापासून २० वर, रेषेपासून १० वर: ४,०००. बेरीज १३,०००, क्रेन भक्कम. आता तोच बोजा बूम लांबवून ७० सेंटिमीटरवर नेला. बोज्याचे होतात १८,००० आणि लांबलेल्या बूमचे १०,०००. बेरीज २८,०००, क्रेन आडवी. मागे १२ सेंटिमीटरवर ४०० ग्रॅमचं काउंटरवेट जोडलं तर धरणारा जोर २८,८०० होतो आणि क्रेन कशीबशी उभी राहते. गणित जमलं तरी हे काठावरचं उभं राहणं झालं. हलका झोका, जमिनीचा जरासा उतार, आणि खेळ खलास. म्हणून चांगला बांधणारा इथे समाधान मानत नाही, आउटरिगर आणखी दोन भोकं बाहेर नेतो.

ही आखणी आज पुष्कळ जण आधी संगणकावर करतात. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमनने १९९५ साली ‘एलड्रॉ’ ही प्रणाली तयार केली आणि लेगोचे तुकडे पडद्यावर अचूक मापात जोडता येऊ लागले. दोन वर्षांनी तो वारला, पण जगभरच्या हौशी मंडळींनी त्याचं काम पुढे चालू ठेवलं. पडद्यावर माप जमतं की नाही ते कळतं. दोरी कुठे अडकते आणि बूम किती झुकतो, ते मात्र हातात धरल्यावरच कळतं. त्यामुळे बांधणं, तपासणं, मोडणं आणि पुन्हा बांधणं याला पर्याय नाही.

हे तुकडे स्वस्त नाहीत, हे खरं. पण पूर्ण क्रेन करायलाच हवी असंही नाही. एक टर्नटेबल, एक वर्म, एक मोटर, काही दांड्या आणि दोरी एवढ्यावर यातलं बरंचसं शिकता येतं, आणि हे साहित्य अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळेला किंवा आयटीआयला परवडण्यासारखं आहे. आपल्या शहरांत मेट्रोच्या आणि उड्डाणपुलांच्या कामांवर क्रेन रोज दिसतात. आउटरिगरखाली लाकडी ओंडके का ठेवले, बोजा उचलून चालणारी हायड्रा जड माल जमिनीलगत आणि अंगाशी धरून का नेते, हे ज्याने छोटी क्रेन बांधली त्याला कुणी सांगावं लागत नाही. मुलांच्या हाती तयार पुस्तिका देण्याऐवजी एक अट द्यावी: सत्तर सेंटिमीटरवर तीनशे ग्रॅम उचलून दाखवा, क्रेन कलंडता कामा नये. त्या एका अटीत गिअर आहेत, गणित आहे, धीर आहे, आणि उचलण्याआधी आपण कशावर उभे आहोत हे पाहण्याची सवयही आहे.