तुटलेल्या दुव्याची सोडवणूक

हल्लीं पुष्कळ घरांत व कचेऱ्यांत सर्वांचे कागद, हिशेब व छायाचित्रें एकाच संगणकांत सांठवितात, आणि बाकीचे संगणक जाळ्यामार्फत तें भांडार स्वतःचेंच असल्याप्रमाणें वापरतात. लिनक्स प्रणालींत यासाठीं रूढ असलेली एक व्यवस्था म्हणजे सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनें १९८४ सालीं तयार केलेली एनएफएस. दूरचें भांडार फोल्डरवर जोडणें म्हणजे ‘माउंट’ व तें सोडविणें म्हणजे ‘अनमाउंट’.

आतां मध्येंच तार निसटली किंवा भांडाराचा संगणक बंद पडला तर? फोल्डर उघडावयास जावें तों पडदा गोठतो. सोडविण्याची ‘यूमाउंट’ ही आज्ञा द्यावी, तर तीहि अडकते किंवा ‘जागा वापरांत आहे’ असें उत्तर येतें. मनुष्य वैतागून वीजच बंद करतो!

परंतु यंत्राचा हा हट्ट निष्कारण नसतो. नेहमींच्या ‘हार्ड’ जोडणींत संगणक उत्तर येईपर्यंत तीच मागणी पुनः पुनः पाठवीत राहतो. अर्धवट लिहिलेला हिशेब वाऱ्यावर सोडावयाचा नाहीं, हा त्यांतील हेतु. ‘सॉफ्ट’ जोडणींत कांहीं प्रयत्नांनंतर तो चूक कळवून मोकळा होतो. उतावळ्या माणसांस हीच बरी वाटते; पण प्रोग्रामनें त्या चुकीकडे दुर्लक्ष केलें, तर मजकूर गुपचूप बिघडतो.

म्हणून पहिला उपाय दुवा पूर्ववत् करण्याचा. तेंच भांडार त्याच पत्त्यावर परत आलें, कीं थांबलेलें काम बहुधा आपोआप पुढें चालूं लागतें. तें शक्य नसल्यास त्या फोल्डरांतील प्रोग्राम बंद करावे. टर्मिनलहि तेथेंच उभें असेल तर आधीं बाहेर पडावें; ही गोष्ट हमखास विसरली जाते. मग ‘यूमाउंट’पुढें उणे-चिन्ह व ‘एफ’ हें अक्षर लिहून बळजबरी करावी. तिला यश येईलच असें नाहीं. तेव्हां उरतें ‘एल’ अक्षर, म्हणजे ‘आळशी’ सोडवणूक. फोल्डरवरून भांडार तात्काळ दिसेनासें होतें. परंतु अडकलेले प्रोग्राम तें धरूनच बसतात, व शेवटच्यानें हात सोडल्यावरच खरी सुटका होते. जाळ्यावरील भांडारासाठीं हें अक्षर वापरल्यास संगणक लवकरच पुनः सुरू करावा लागेल, असें या आज्ञेच्या माहितीपत्रकांतच बजावलेलें आहे.

स्मृतींत असलेला पण भांडारापर्यंत न पोंचलेला मजकूर मात्र या बळजबरींत जाऊं शकतो. उघड्या प्रोग्राममधून तो कागद जवळच्याच डिस्कवर निराळ्या नांवानें सांठवितां येत असेल, तर तेवढें काम ‘एफ’ लिहिण्यापूर्वीं उरकून घ्यावें.