७६ आणि ४३ : एकाच योजनेचे दोन कौल

२००९ चा उन्हाळा. बराक ओबामा अध्यक्ष होऊन जेमतेम सहा महिने झाले होते आणि अमेरिकेत आरोग्यविम्याच्या कायद्यावरून रान पेटलं होतं. सगळ्यात जास्त ठिणग्या उडत होत्या त्या ‘पब्लिक ऑप्शन’वरून. खासगी कंपन्यांच्या विम्याशेजारी सरकारनंही आपली एक विमा योजना ठेवायची, ज्याला हवी त्यानं ती घ्यायची, अशी ती कल्पना. एनबीसी आणि वॉल स्ट्रीट जर्नल यांच्या जूनमधल्या जनमत चाचणीत ७६ टक्के लोक तिच्या बाजूचे दिसले. ऑगस्टमध्ये त्याच दोघांच्या चाचणीत बाजूनं ४३ आणि विरोधात ४७. हे आकडे तेव्हा ज्यानं त्यानं सोयीप्रमाणे वापरले, आणि त्यातून तयार झालेले समज आजही सर्वेक्षणाच्या बातम्या वाचताना आपल्या डोक्यात असतात.

गैरसमज : लोकांचं मत फिरलं, म्हणून आकडा पडला.

आधी प्रश्न बघू. जूनमध्ये विचारलं होतं ते साधारण असं : आरोग्यविम्यासाठी लोकांना केंद्र सरकारची योजना आणि खासगी योजना अशा दोन्हींतून निवड करता येणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? ४१ टक्के म्हणाले ‘अत्यंत’, ३५ टक्के म्हणाले ‘बरंच’. बेरीज ७६. ऑगस्टमध्ये विचारलं : खासगी विमा कंपन्यांशी थेट स्पर्धा करणारी, केंद्र सरकारनं चालवलेली योजना उभारायला तुमचा पाठिंबा आहे की विरोध?

पहिल्या प्रश्नात विरोध नोंदवायला सरळ जागाच नाही. महत्त्व जास्त की कमी, एवढंच सांगायचं आहे. शिवाय निवड करता यावी याला नाही कोण म्हणेल? ज्याला सरकारी विमा स्वतःला नको, तोही दुसऱ्याला निवडू द्या म्हणेल आणि ७६ मध्ये मोजला जाईल. दुसऱ्या प्रश्नात निवडीचा उल्लेख गेला, स्पर्धा आली, आणि हो किंवा नाही म्हणायची वेळ आली. या दोन आकड्यांची वजाबाकी करून ‘जनमत ३३ टक्क्यांनी घसरलं’ म्हणणं म्हणजे पुण्याचं तापमान किलोमीटरमध्ये सांगणं.

मधल्या काळात काहीच घडलं नव्हतं असं नाही. ऑगस्टभर ठिकठिकाणच्या सभांमध्ये लोकप्रतिनिधींना मतदारांनी चांगलंच फैलावर घेतलं होतं. त्यामुळे मत खरंच हललं असणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण योजनेच्या बाजूच्या मूव्हऑन या संघटनेनं सर्व्हेयूएसएकडून त्याच ऑगस्टमध्ये जूनचा प्रश्न पुन्हा विचारून घेतला. उत्तर आलं ७७ टक्के. प्रश्न जुना ठेवला तर आकडाही जुनाच राहिला.

गैरसमज : म्हणजे चाचणी घेणारेच लबाड.

ही चाचणी तेव्हा पीटर हार्ट आणि बिल मॅकइन्टर्फ असे दोघं मिळून घ्यायचे. पहिला डेमोक्रॅटिक पक्षाच्या वर्तुळातला, दुसरा रिपब्लिकन. एकमेकांवर नजर ठेवणारी अशी जोडी मुद्दाम नेमलेली असते. एका बाजूला झुकवायचंच असतं तर दुसऱ्यानं ते चालू दिलं नसतं.

लबाडी होते ती दुसरीकडे. रिपब्लिकनांसाठी शब्द तासून देणारे फ्रँक लुन्ट्झ त्याच ऑगस्टमध्ये फॉक्स न्यूजवर बसून सांगत होते की ‘पब्लिक ऑप्शन’ म्हटलं तर लोक निम्मेनिम्मे विभागले जातात, ‘गव्हर्न्मेंट ऑप्शन’ म्हटलं तर बहुतेक सगळे विरोधात जातात. ऑक्टोबरमध्ये त्याच वाहिनीच्या वॉशिंग्टनमधल्या संपादकानं सहकाऱ्यांना लेखी सूचना पाठवली की शक्य तिथे ‘सरकारी’ असंच म्हणा. ही सूचना पुढे वर्षभरानं बाहेर आली. चाचणीत सापडलेला शब्दाचा परिणाम आधी प्रचारात आणि मग बातमीत कसा पोचतो, याचं इतकं उघडं उदाहरण क्वचित मिळतं.

गैरसमज : ‘सरकारी’ म्हटलं की अमेरिकन माणूस बिथरतोच.

लुन्ट्झ यांचं ऐकलं तर असंच वाटेल. पण त्याच जूनमध्ये सीबीएस आणि न्यूयॉर्क टाइम्सनं विचारलेला प्रश्न पाहा. त्यात ‘सरकारनं चालवलेली’ हे शब्द होते, खासगी कंपन्यांशी स्पर्धाही होती. फक्त मध्ये एक तुकडा जास्त होता : ‘६५ वर्षांवरच्यांना मिळणाऱ्या मेडिकेअरसारखी’. ७२ टक्के बाजूनं, २० टक्के विरोधात.

मेडिकेअर हा सरकारी विमाच आहे. १९६६ पासून केंद्र सरकार तो चालवतं. पण तो घरातल्या आजी-आजोबांचा आहे, त्याची बिलं लोकांनी पाहिली आहेत. ‘सरकार’ या मोघम शब्दाला डोळ्यांसमोरचं उदाहरण मिळालं की भीती कमी होते. उलट त्याची इतकी सवय होते की तो सरकारी आहे हेच विसरलं जातं. राज्यशास्त्राच्या अभ्यासक सुझॅन मेटलर यांनी २००८ मध्ये सर्वेक्षण केलं, तेव्हा मेडिकेअर घेणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांनी आपण कुठल्याही सरकारी योजनेचा लाभ घेतलेला नाही असं सांगितलं होतं. २००९ च्या उन्हाळ्यात साउथ कॅरोलिनातल्या एका सभेत एका गृहस्थांनी आपल्या खासदाराला ‘सरकारला माझ्या मेडिकेअरला हात लावू देऊ नका’ असं बजावलं, तेव्हा देशभर हशा झाला. मला ते हसणं जरा उथळ वाटतं. ज्या योजनेवर त्या माणसाचा विश्वास होता, तिच्यासाठीच तो भांडत होता.

गैरसमज : नाव काहीही द्या, योजना तीच तर आहे.

२०१० मध्ये कायदा झाला, त्याचं अधिकृत नाव अफोर्डेबल केअर अॅक्ट. विरोधकांनी त्याला ओबामाकेअर म्हटलं आणि तेच रूढ झालं. सप्टेंबर २०१३ मध्ये सीएनबीसीनं निम्म्या लोकांना एका नावानं विचारलं, निम्म्यांना दुसऱ्या. ओबामाकेअरला विरोध ४६ टक्के, अफोर्डेबल केअर अॅक्टला ३७. इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. पुढचं सहसा सांगितलं जात नाही : पाठिंबाही ओबामाकेअरलाच जास्त होता, २९ टक्के, अधिकृत नावाला २२. अध्यक्षांच्या नावानं शत्रू वाढले तसे मित्रही वाढले. आणि अधिकृत नावावर ३० टक्के लोक म्हणाले, हे काय आहे ते आम्हाला माहीत नाही.

केंटकीत तर त्याच कायद्याखाली राज्यानं आपला विमा बाजार ‘कायनेक्ट’ या नावानं उघडला होता. मे २०१४ मध्ये तिथल्या मतदारांना विचारलं, तर ओबामाकेअरबद्दल ५७ टक्के नाराज, कायनेक्टबद्दल फक्त २२. राज्याचे तेव्हाचे डेमोक्रॅटिक गव्हर्नर नाव वेगळं ठेवण्याबाबत इतके काटेकोर का होते, हे यावरून कळतं.

आपल्याकडेही २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली योजना २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य झाली. गावाकडचा माणूस मात्र ‘कार्डावर ऑपरेशन झालं’ एवढंच म्हणतो. त्याला कुठल्या नावानं विचारायचं, हा सर्वेक्षण करणाऱ्याचा पहिला प्रश्न असायला हवा.

गैरसमज : लोकांना स्वतःचं मतच नसतं, शब्द बदलला की ते वाहवत जातात.

हा सगळ्यात चिवट समज. याला थोडा आधार आहे हे मान्य करायला हवं. सिनसिनाटीचे अभ्यासक जॉर्ज बिशप यांनी लोकांना १९७५ च्या एका कायद्याबद्दल मत विचारलं, जो कधी झालाच नव्हता. तरी जवळपास एकतृतीयांश लोकांनी मत दिलं.

पण कैसर फॅमिली फाउंडेशनची जानेवारी २०१९ ची चाचणी वेगळं काही दाखवते. सर्वांना मेडिकेअरसारखा एकच सरकारी विमा द्यायचा, या कल्पनेला ५६ टक्के पाठिंबा होता. विमा हा सगळ्यांचा हक्क ठरेल असं सांगितल्यावर तो ७१ झाला. बहुतेकांना कर जास्त भरावा लागेल म्हटल्यावर ३७. खासगी विमा कंपन्या बंद होतील म्हटल्यावरही ३७. काही उपचारांना उशीर होईल म्हटल्यावर २६. इथे लोक शब्दाला भुलले असं मी म्हणणार नाही. त्यांना दर वेळी नवी माहिती मिळाली, किंमत कळली, आणि त्यांनी तिचा हिशेब केला. आपण फ्लॅट घेताना हेच करतो. चुकतो तो ७१ किंवा २६ यातला एकच आकडा उचलून ‘जनतेचा कौल’ म्हणून मथळा देणारा.

‘±३ टक्के’ या तळटीपेचा इथे उपयोग नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. हजारभर लोक निवडताना नशिबानं पडणारा फरक तेवढाच ती सांगते. प्रश्नाच्या शब्दांमुळे पडणारा ३३ टक्क्यांचा फरक तिच्यात धरलेला नसतो, आणि हजाराच्या जागी लाखभर लोकांना विचारल्यानं तो कमीही होत नाही.

गैरसमज : विरोध म्हणजे ‘सरकारनं यात पडू नये’ असं म्हणणं.

कायद्यावर अखेरची मतदानं चालू होती त्या मार्च २०१० मध्ये सीएनएनच्या चाचणीत ५९ टक्के विरोधात होते, ३९ बाजूनं. कायदा नको असलेला देश, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्या ५९ टक्क्यांना सीएनएननं पुढे एक प्रश्न विचारला होता : का? एकूण लोकांपैकी ४३ टक्क्यांच्या मते कायदा फार डावीकडे झुकलेला होता. १३ टक्के मात्र म्हणत होते की तो पुरेसा डावा नाही, सरकारनं अजून पुढे जायला हवं होतं. पब्लिक ऑप्शन त्या कायद्यात तोवर उरलाच नव्हता. प्रतिनिधीगृहानं नोव्हेंबरमध्ये २२० विरुद्ध २१५ मतांनी तो मंजूर केला होता, पण सेनेटमध्ये ६० वं मत मिळवण्यासाठी तो डिसेंबरात वगळावा लागला.