चेहरा तुमचा की कंपनीचा?

'ब्लॅक डेझर्ट' हा दक्षिण कोरियाचा ऑनलाइन गेम सुरू केला की तलवार हातात यायला वेळ लागतो. आधी चेहरा घडवावा लागतो. गालाच्या हाडावर माउस नेऊन ओढला की हाड वर सरकतं. नाकाचा शेंडा, भुवयांचा कोन, ओठांची जाडी, कपाळावर येणाऱ्या बटांची लांबी, सगळं हवं तसं बदलता येतं. या एका पडद्यावर तासन्‌तास रमणारे खेळाडू आहेत. पर्ल अ‍ॅबिस कंपनीने हा नाद बरोबर ओळखला होता. २०१६ मध्ये गेम अमेरिका-युरोपात उतरण्याआधी चेहरा घडवण्याचा भाग तेवढा सुटा करून लोकांना फुकट वापरायला दिला गेला.

शांघायच्या मिहोयो कंपनीच्या 'गेनशिन इम्पॅक्ट'च्या मुख्य कथेत हा पडदाच नाही. २०२० साली आलेल्या या गेमच्या सुरुवातीला जुळी भावंडं समोर येतात. भाऊ किंवा बहीण, दोघांपैकी एक निवडा, नाव लिहा आणि चालू पडा. पुढे मिळणाऱ्या जवळपास प्रत्येक पात्राचं नाव, पोशाख, आवाज, स्वभाव, पूर्वायुष्य, एवढंच काय, वाढदिवससुद्धा कंपनीने ठरवलेला. त्याच्या चेहऱ्यात तसूभर फरक करायची सोय नाही.

गेमर मंडळींमध्ये यावरून जुना वाद आहे. एक बाजू म्हणते, मी खेळणार असेन तर कॅरेक्टर मलाच बनवू द्या. दुसरी म्हणते, बनवलेलं कॅरेक्टर म्हणजे मुका बाहुला. तयार पात्राला निदान काही व्यक्तिमत्त्व तरी असतं. वाद खेळाडूच्या स्वातंत्र्याचा वाटतो, पण कंपन्यांचे निर्णय त्यावर ठरत नाहीत. तो चेहरा बघणार कोण, तो बनवायला खर्च किती आणि विकायचं काय, या तीन प्रश्नांवर ते ठरतात.

गर्दी असेल तर ओळख हवी

ब्लिझार्डच्या 'डायब्लो' मालिकेत हे स्वच्छ दिसतं. २००० साली आलेल्या 'डायब्लो २'मध्ये पाच तयार नायक होते. बार्बेरियन निवडला की तोच धिप्पाड पुरुष मिळणार, अ‍ॅमेझॉन निवडली की तीच भालाधारी स्त्री. दोन मित्रांनी एकच नायक घेतला तर दोघांचा चेहरा एकच, फरक फक्त अंगावरच्या चिलखताचा. कोणाची फारशी तक्रार नव्हती. एका खेळात जास्तीत जास्त आठ जण, आणि कॅमेरा इतका उंचावर की चेहरा धड दिसायचाच नाही. २०१२ च्या 'डायब्लो ३'मध्ये स्त्री की पुरुष एवढी निवड आली. २०२३ च्या 'डायब्लो ४'मध्ये मात्र चेहरा, केस, गोंदण, कातडीचा रंग, सगळं निवडता येऊ लागलं. मुख्य मालिकेला याच भागात पहिल्यांदा सामायिक जग मिळालं. गावात शिरलं की अनोळखी खेळाडू इकडून तिकडे पळताना दिसतात. त्या गर्दीत सगळ्यांचा चेहरा सारखा असून चालणार नव्हतं.

'अल्टिमा ऑनलाइन' (१९९७), 'एव्हरक्वेस्ट' (१९९९) आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) या गेम्समध्ये ही गर्दी पहिल्या दिवसापासून होती. एका सर्व्हरवर हजारो माणसं, तेच ते बाजार, तेच ते चौक. यातली एक गंमत सहसा लक्षात येत नाही. अशा बहुतेक गेम्समध्ये कॅमेरा आपल्या पात्राच्या मागे असतो. म्हणजे इतक्या मेहनतीने घडवलेल्या चेहऱ्याची आपल्याला बहुतेक वेळ पाठच दिसते. चेहरा दिसतो तो इतरांना.

गेनशिनमध्ये फार तर चौघांना एकत्र खेळता येतं आणि बराचसा प्रवास एकट्यानेच करायचा असतो. चौकात आपलाच जुळा भेटण्याचा प्रसंग सहसा येत नाही, त्यामुळे तयार पात्र खटकत नाही.

साचा एक, आखणी वेगळी

चेहरा बदलण्याची सरकपट्टी, म्हणजे स्लायडर, सरकवला की काय होतं? चित्रकार प्रत्येक वंशासाठी एक मूळ शरीर बनवतो. हजारो बिंदू जोडून केलेली ती जाळी असते. नाक अरुंद असताना ते बिंदू कुठे असतील आणि रुंद असताना कुठे, हे तो दोन्ही टोकांना ठरवून ठेवतो. खेळाडूचा स्लायडर त्या दोन टोकांच्या मध्ये फिरतो. केस, गोंदण, कातडीचा रंग हे वरून चढवलेले थर. पेणच्या कारखान्यात एकाच साच्यातून निघालेल्या गणपतींना रंग आणि डोळ्यांची आखणी वेगवेगळं रूप देते, तसंच हे. जे साच्यात नाही ते खेळाडूला काही केल्या मिळत नाही.

खरा खर्च चेहऱ्यानंतर सुरू होतो. गेममध्ये येणारं प्रत्येक शिरस्त्राण, प्रत्येक बूट प्रत्येक शरीरावर बसला पाहिजे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधल्या टॉरेन या बैलतोंड्या जमातीला पायांऐवजी खूर आहेत. कितीही भारी बूट मिळवले तरी खुरांवर ते दिसत नाहीत. जपानच्या 'फायनल फँटसी १४'मध्ये २०१९ साली व्हिएरा ही सशाच्या लांब कानांची जमात आली. बहुसंख्य टोप्या त्यांच्या डोक्यावर दिसेनातच. कान आणि टोपी यांची सांगड घालायची तर जुन्या शेकडो टोप्या नव्याने बसवाव्या लागल्या असत्या. व्हिएरांमध्ये पुरुष यायला आणखी दोन वर्षं लागली.

कोरियन गेम्सनी यावर मधला मार्ग काढला: चेहरा तुमचा, शरीर आमचं. नेक्सॉनच्या 'व्हिंडिक्टस'मध्ये लॅन हा दोन तलवारींचा पुरुष, फिओना ही ढाल-तलवारीची स्त्री, इव्ही ही जादूची काठी चालवणारी मुलगी. केस-चेहरा बदला, पण लॅन पुरुषच राहणार. 'ब्लॅक डेझर्ट'मध्येही गालाचं हाड मिलिमीटरने सरकवता येतं, मात्र सुरुवातीची चेटकीण फक्त स्त्री आणि वॉरियर फक्त पुरुष. कारण लढाईच्या हालचाली. प्रत्येक वार, उडी, गिरकी त्या एका शरीरासाठी बसवलेली असते. 'लॉस्ट आर्क'मध्ये बर्सर्कर या पुरुष योद्ध्याची लढाई स्त्रीरूपात हवी असणाऱ्यांसाठी अखेर स्लेयर नावाचा वेगळा वर्गच आणावा लागला.

विकायचं काय?

गेनशिन फुकट डाउनलोड होतो. कमाई होते ती पात्रांवर, आणि पात्र सरळ विकत मिळत नाही. आभासी रत्नं खर्चून सोडतीत नशीब आजमावायचं, याला गेमर 'गाचा' म्हणतात. पंचतारांकित पात्र लागण्याची शक्यता दर खेपेला ०.६ टक्के. नव्वदाव्या खेपेपर्यंत एक पंचतारांकित नक्की मिळतं, पण ते आपल्याला हवं असलेलंच निघेल याची पहिल्या वेळी खात्री नसते. असा जुगार माणूस निनावी पुतळ्यासाठी खेळत नाही. त्यासाठी आधी त्या पात्रावर जीव जडावा लागतो. म्हणून त्याचा आवाज, त्याची गोष्ट, त्याचा वाढदिवस. 'फ्री फायर' या मोबाइल गेमने २०२० मध्ये हृतिक रोशनवर बेतलेलं 'जय' हे पात्र आणलं, तेही याच हिशेबाने.

चेहरा खेळाडूने घडवला असेल तर विक्री कपड्यांची, रंगांची आणि फेरविचाराची होते. 'फायनल फँटसी १४'मध्ये फँटॅसिया नावाची कुपी असते. ती प्यायली की वंशापासून नाकापर्यंत सगळं नव्याने निवडता येतं. एखादी कुपी खेळातच मिळते, पुढच्या पैसे मोजून घ्याव्या लागतात. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये तर पहिली चार वर्षं एकदा निवडलेले केस कायमचे होते. २००८ मध्ये खेळात केशकर्तनालय उघडलं. २०२० मध्ये तिथे जवळपास सगळं रूप खेळातल्याच सोन्याच्या नाण्यांवर बदलून मिळू लागलं.

खेळाडूच्या हातात कात्री दिली की कंपनीला दुसरंही दुखणं जडतं. 'सिटी ऑफ हीरोज' या २००४ च्या गेममध्ये स्वतःचा सुपरहीरो घडवता यायचा, पोशाखाच्या पट्ट्यापासून शिरस्त्राणापर्यंत. लोकांनी हिरवे दांडगट आणि नखंवाले वीर बनवले, आणि त्याच वर्षी मार्व्हलने हल्क, वुल्व्हरिन यांची नक्कल होते म्हणून दावा ठोकला. पुरावा म्हणून दिलेली काही पात्रं मार्व्हलच्याच माणसांनी त्या गेममध्ये जाऊन बनवली होती, असं निघालं आणि न्यायालयाने ती बाजूला काढली. २००५ च्या अखेरीस तडजोड झाली. तयार पात्रांच्या गेममध्ये हा प्रश्नच येत नाही. तिथे प्रत्येक चेहऱ्याचा मालक एकच, आणि त्याची खेळणी, पोस्टरं, जाहिराती याही त्याच्याच.

दिलेला चेहराही अंगात भिनतो

स्वतः घडवलेला चेहरा आपला वाटतो, दुसऱ्याने दिलेला वाटत नाही, असं आपण धरून चालतो. स्टॅनफर्डच्या निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग वेगळं सांगतो. आभासी जगात काहींना देखणा चेहरा दिला, काहींना कमी देखणा. तिथल्या आरशात तो त्यांना दाखवला आणि मग एका अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं. देखणा चेहरा मिळालेले जास्त जवळ जाऊन उभे राहिले, स्वतःबद्दल जास्त मोकळेपणाने बोलले. दुसऱ्या फेरीत ज्यांना उंच शरीर मिळालं ते पैशांची वाटणी करताना जास्त ताठ राहिले. यातलं काहीच त्यांनी स्वतः निवडलेलं नव्हतं.

'रस्ट' या ब्रिटिश गेमने यापुढची पायरी गाठली. जंगलात उघड्यावर जगायच्या या खेळात २०१५ मध्ये कातडीचा रंग आणि २०१६ मध्ये स्त्री की पुरुष हे खेळाडूच्या खात्याच्या क्रमांकावरून ठरू लागलं. निवड नाही, पैसे भरून बदल नाही. काहींना ते धाडसी वाटलं, काही भडकले. भडकणाऱ्यांचं म्हणणं एकच होतं: हा मी नाही.

टोकं कोणी ठरवली?

२०२४ मध्ये गेनशिनने नाटलान हा नवा प्रदेश आणला. आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या संस्कृतीवर बेतलेला. पण त्यातली बरीचशी पात्रं गोरीपान. इंग्रजी आवाज देणाऱ्या काही कलाकारांनीही उघड नाराजी व्यक्त केली. त्याआधी पश्चिम आणि दक्षिण आशियावरून घेतलेल्या सुमेरू प्रदेशाच्या वेळी हीच तक्रार झाली होती. तयार पात्रांच्या गेमला इथे पळवाट नसते. चेहरा कंपनीने काढला, तेव्हा जाब कंपनीनेच द्यायचा.

स्लायडर देणारी कंपनी या जाबातून सहज निसटते. सगळं तुमच्याच हातात आहे, असं तिला म्हणता येतं. प्रत्यक्षात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये माणसांना वेगवेगळ्या वंशांची वाटतील अशी चेहरेपट्टी आणि वर्ण २०२० मध्ये मिळाले, गेम सुरू झाल्यावर सोळा वर्षांनी. तोवर निवड होती, पण आखून दिलेल्या रिंगणातली. त्या अर्थाने तयार पात्र म्हणजे दोन्ही टोकं एकाच बिंदूवर आणून ठेवलेला स्लायडर. फरक इतकाच की तिथे मर्यादा लपत नाही.

नवीन गेममध्ये चेहरा बनवायला बसाल तेव्हा सुंदर चेहऱ्याच्या मागे लागण्याआधी प्रत्येक स्लायडर शेवटपर्यंत ओढून पाहा. कातडी किती काळी होते, नाक किती बसकं, कंबर किती जाड, वय किती वाढतं आणि यातलं काय कुठे अडकतं ते बघा. कंपनीने कोणाला गृहीत धरलं आणि कोणाला वगळलं, हे तिच्या जाहिरातीपेक्षा तिथे लवकर कळतं.