नदीचा पूर आणि गाडीची थरथर

मागच्या वेळी आपण कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानापाशी थांबलो होतो. नैयायिक त्याला 'शेषवत्' म्हणतात. उदाहरण नेहमीचंच: नदीला पूर दिसला, म्हणजे वर कुठेतरी पाऊस झाला. तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं होतं, सर, आजच्या जगातलं काही सांगा. म्हणून आज आम्ही आमची गाडी घेऊन आलो आहोत. (हशा)

ऑटोमॅटिक गाडीला क्लचचं पेडल नसतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे तेलानं भरलेलं बंद भांडंच म्हणा. आत समोरासमोर दोन पंखे. एक इंजिनाबरोबर फिरतो आणि तेल दुसऱ्यावर फेकतो. दुसरा त्या तेलाच्या माऱ्यानं फिरतो आणि गिअरबॉक्सला फिरवतो. मधलं तिसरं चाक परतणाऱ्या तेलाला वळण देतं, त्यामुळे सुरुवातीला जोर वाढतो. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानं १९०५ साली याचं पेटंट घेतलं, ते जहाजांसाठी. पण तेलाचा दुवा ढिलाच. दुसरा पंखा पहिल्याच्या थोडा मागे राहतो. या फरकाला स्लिप म्हणतात, आणि त्यात इंधन जातं, उष्णता होते. म्हणून आतच एक क्लच बसवला, जो एकसारख्या वेगात दोघांना जवळजवळ जखडून टाकतो. पॅकार्ड कंपनीनं १९४९ मध्येच असा लॉक-अप क्लच दिला होता. आता तो सर्रास असतो.

आता आमची हकीकत. सातारा रस्त्यावर, हलक्या चढाला, साठ-सत्तरच्या वेगात गाडी थरथरायची. रंबलरवरून गेल्यासारखी, दोन-तीन सेकंद. डॅशबोर्डवर दिवा नाही. गॅरेजमध्ये त्यांनी एक चाचणी केली. गाडी त्या वेगात ठेवायची, ॲक्सिलरेटर तसाच धरायचा आणि डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श करायचा. ब्रेकचा स्विच लागला की संगणक लॉक-अप सोडतो, आरपीएम दोन-एकशेनं वर जातात. (मोकळा रस्ता आणि सरावाचा माणूस असेल तरच हे करावं बरं का.) स्पर्श केला, थरथर थांबली. निदान झालं: कन्व्हर्टरचा क्लच गेला, गिअरबॉक्स उतरवायचा, खर्च लाखाच्या वर. आम्हाला पटलं. क्लच जोडला की थरथर, सोडला की नाही; अन्वय आहे, व्यतिरेक आहे, आणखी काय हवं?

सही करायच्या आधी ओळखीच्या एका तरुण मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "काका, टेस्ट बरोबर आहे, पण इंजिन मिस करत असेल तरी ती हेच दाखवणार."

हे जरा नीट समजून घेऊ. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकली की इंजिन झटका देतं. मध्ये तेल असेल तर ते तो झटका गिळतं. क्लच जखडलेला असेल तर झटका थेट आपल्या पाठीपर्यंत येतो. म्हणजे ब्रेकला स्पर्श केल्यावर दोन्ही दोषांत थरथर थांबते! जो हेतू साध्य असतानाही सापडतो आणि नसतानाही, तो सव्यभिचार. आम्ही हा हेत्वाभास तीस वर्षं फळ्यावर लिहून शिकवला, आणि गॅरेजच्या काउंटरवर निमूटपणे मान्य केला.

न्यायसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात हीच शंका घेतलेली आहे. बांध घातला तरी नदी फुगते, मग पुरावरून पाऊस कसा ठरवणार? वात्स्यायनाचं उत्तर असं की, नुसतं पाणी वाढलेलं पाहून ठरवायचंच नसतं. प्रवाहाचा वेग पाहा, फेस पाहा, वाहून येणारी पानं, फळं, लाकडं पाहा. बांधामागे तुंबलेल्या पाण्यात हे नसतं.

मग गाडीतला फेस कोणता? स्लिप. मिस्त्रीनं स्कॅनर लावला आणि आम्हाला त्याच रस्त्यावर नेलं. क्लच घसरत असेल तर थरथरीच्या क्षणी इंजिनाचे आणि टर्बाइनचे आरपीएम एकमेकांपासून सुटतात, स्लिपचा आकडा खालीवर नाचतो. आमचा आकडा स्थिर होता. (अगदी शून्य नव्हता, नव्या गाड्यांत थोडी स्लिप मुद्दाम ठेवतात.) तिसऱ्या सिलिंडरच्या मिसफायरची संख्या मात्र वाढत होती. इग्निशन कॉइल बदलली, थरथर गेली.

दिवा लागला असता तरी फार फरक पडला नसता. पी ०७४१ हा कोड बरेच जण 'क्लच खराब' असा वाचतात. संगणकाला क्लच दिसत नाही. त्यानं जोडण्याचा हुकूम दिला आणि स्लिप अपेक्षेइतकी कमी झाली नाही, एवढंच त्याचं म्हणणं. तेही अनुमानच, प्रत्यक्ष नव्हे. दोष सोलेनॉइडमध्ये असू शकतो, व्हॉल्व्हमध्ये असू शकतो, तेलाच्या दाबात किंवा क्लचमध्येही. आणि कधीकधी हुकूमच निघत नाही: ब्रेकचा स्विच अडकला किंवा थर्मोस्टॅट उघडा राहून इंजिन गरमच झालं नाही, तर लॉक-अप होत नाही आणि क्लच बिचारा निर्दोष असतो. म्हणून आधी हुकूम निघाला का ते बघायचं, मग तो पाळला गेला का ते.

एक चिठ्ठी आली आहे: "आधी ऑइल बदलून पाहिलं तर?" चांगला प्रश्न. जुन्या तेलानंही क्लच थरथरतो, आणि सुरुवातीलाच कंपनीनं सांगितलेलं तेल घातलं तर कधीकधी तेवढ्यानं भागतं. पण स्लिपची नोंद आधी करा, तेल नंतर बदला; नाहीतर काय बरं झालं आणि कशामुळे, हे कळणार नाही. काढलेलं तेल फेकू नका. नुसत्या काळ्या रंगावर जाऊ नका, जळका वास आणि क्लचच्या अस्तराचा चुरा आहे का ते बघा. चुरा असेल तर मात्र थांबू नका, तो व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो आणि मग खरोखरच गिअरबॉक्स उतरवावा लागतो.