झेरॉक्स यंत्राचा देखभाल करार : सहीआधी मीटर पाहा

झेरॉक्स यंत्र घेताना घासाघीस करणारी कार्यालये देखभाल करारावर मात्र डोळे झाकून सही करतात. साध्या वार्षिक करारात तंत्रज्ञाची फेरी व मजुरी येते. टोनर, ड्रम व सुट्या भागांचे पैसे बहुधा निराळे पडतात. सर्वसमावेशक करारात हे सारे धरून प्रतिप्रत दर आकारला जातो. कागद मात्र ग्राहकाचाच. त्यात अनेकदा किमान प्रतींची अट असते. समजा, दर ५० पैसे व अट दरमहा ५,००० प्रतींची असेल, तर २,००० प्रती काढूनही २,५०० रुपये, म्हणजे प्रतीमागे सव्वा रुपया मोजावा लागतो. म्हणून मीटरवरून सहा महिन्यांची सरासरी आधी काढावी व किमान प्रतींची अट त्याहून कमीच ठेवून घ्यावी. तक्रारीनंतर तंत्रज्ञ किती तासांत येणार, हेही करारात लेखी असावे.