वाचता येते, पण कळते काय?

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेतील ‘अपरिचित उतारा’ नागपूरच्या शालान्त विद्यार्थ्यांना पुरेपूर परिचित आहे. प्रश्नातील शब्द उताऱ्यात हुडकावयाचा आणि त्याच्या भोवतालचे वाक्य उतरवून काढावयाचे, ही युक्ती शिकवणीत आधी शिकविली जाते. अर्थ मागाहून, वेळ उरल्यास. असे गुण मिळविणाऱ्यास इंग्रजी वाचता येते काय?

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. ‘असर’ या ग्रामीण पाहणीत मुलास अक्षरे, शब्द व सोपी वाक्ये वाचावयास देतात आणि वाचता आल्यास त्यांचा अर्थ त्याच्या भाषेत विचारतात. 2022 साली देशातील ग्रामीण भागात आठवीच्या जेमतेम 47 टक्के मुलांना अशी वाक्ये वाचता आली; त्यांतही कित्येकांना अर्थ सांगता आला नाही. उच्चार आणि आकलन यांतील ही दरी आपल्या परीक्षांना दिसत नाही, कारण त्या ती मोजीतच नाहीत.

वस्तुतः साधन अवघड नाही. अमेरिकेतील विल्सन टेलर यांनी 1953 साली सुचविलेल्या पद्धतीत उताऱ्यातील ठराविक अंतरावरचा, बहुधा पाचवा, शब्द गाळतात. विद्यार्थ्याने तो संदर्भावरून भरावयाचा. येथे उतरवून काढणे चालत नाही. शब्दसंग्रह व व्याकरण या दोहोंची झडती होते. कोणते शब्द यावेत, यासाठी मायकेल वेस्ट यांची त्याच वर्षीची सुमारे 2000 नित्य शब्दांची सूची आहे. हे गृहस्थ एकेकाळी ढाक्यात शिक्षकांना शिकवीत. रामटेक वा उमरेडच्या शिक्षकास ही कसोटी केवळ खडू-फळ्यावर घेता येईल. मात्र उतारा मुलांनी पाठ केलेल्या धड्यातील नसावा.