समुद्रासाठीं गुंफलेली वेणी

माळ किंवा वेणी हा शब्द उच्चारतांच आमच्या डोळ्यांपुढें देव्हारा तरी येतो, नाहीं तर गृहिणीचा अंबाडा. परंतु पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांत अशी एक वेणी गुंफतात कीं, जी देवास वाहावयाची नसते आणि केसांतही माळावयाची नसते. ती पाण्यांत उतरून खडकास बांधावयाची असते. तींत फुलेंही नसतात. असतें तें समुद्रांतलें शेवाळ. तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेंत त्यास ‘लिमू’ म्हणतात.

ओआहू बेटाच्या किनाऱ्यावर वायमानालो म्हणून एक गांव आहे. तेथील मंडळींनीं २०१७ सालीं ‘वायमानालो लिमू हुई’ या नांवाचा एक संघ काढला. वृद्धांपासून शाळकरी मुलांपर्यंत सारे किनाऱ्यावर एकत्र बसतात, ताडजातीच्या झाडापासून निघणाऱ्या चिवट धाग्यांत ‘मनौएआ’ जातीच्या लिमूचे तुरे घालून पेड वळीत जातात, आणि तयार झालेली माळ पाण्यांतील खडकांस बांधून येतात. शेवाळाचे सूक्ष्म बीजकण तींतून सुटून आसपासच्या दगडांवर रुजावेत, ही त्यांतील योजना. धागा पुढें आपोआप कुजून जातो. याच संघानें पाहोनू नांवाच्या जुन्या दगडी बांधाची डागडुजीही अंगावर घेतली आहे. पूर्वीं एका सरदाराचीं कांसवें त्या बांधाच्या आंत राखलीं जात, अशी आख्यायिका आहे. वेणी घालतांना हात गुंतलेले असले तरी तोंड मोकळें असतें, हें आमच्या भगिनींस सांगावयास नकोच!

हा सारा खटाटोप कशासाठीं? लिमूवर कित्येक मासे जगतात. आणि हवाई माणसाच्या जेवणांत मासे व पोई, म्हणजे अळूच्या कंदाचा लगदा, यांच्या जोडीला तोंडीं लावणें म्हणून लिमूच असे. मनौएआसारख्या जातींस जमिनींतून समुद्रांत झिरपणारें गोडें पाणी मानवतें. ओढे वळविले गेले, किनाऱ्यांवर इमारती उठल्या, आणि तें पाणी तुटलें. त्यांतच १९७० नंतरच्या दशकांत लागवडीच्या प्रयोगासाठीं परकीं शेवाळें आणून सोडण्यांत आलीं. तीं इतकीं माजलीं कीं, त्यांच्या गोधडीखालीं जिवंत पोंवळीं गुदमरूं लागलीं. मौनालुआ उपसागरांत २०१० सालीं अशाच एका परक्या शेवाळापासून सुमारें २७ एकर तळ हातांनीं उपटून मोकळा करावा लागला.

लिमूची विद्या मुख्यतः बायकांची. १८१९ पर्यंत तेथें ‘कापू’ नांवाचे निर्बंध फार कडक होते. स्त्रियांस डुकराचें मांस, केळीं, नारळ व कित्येक मासे वर्ज्य. पुरुषांच्या पंक्तीस बसणेंही वर्ज्य. लिमू मात्र मोकळें, म्हणून त्याची खरी पारख स्त्रियांनींच केली. सोंवळ्या-ओंवळ्याच्या जाचांत दिवस काढलेल्या आमच्या आज्यांनीं थोडक्या जिन्नसांत केवढा रुचिपालट साधला होता, याची आम्हांस येथें आठवण झाली. इझाबेला ॲबट (१९१९–२०१०) या विदुषीस लहानपणीं लिमूची ओळख आईनेंच करून दिली. १९५० सालीं त्यांनीं कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. शास्त्रविषयांत ती पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या मूळ हवाई स्त्री. पुढें जाणत्या वृद्धांस विचारविचारून त्यांनीं लिमूचीं नांवें व उपयोग लिहून ठेवले. तें झालें नसतें तर त्यांतील पुष्कळसें ज्ञान त्या वृद्धांबरोबरच गेलें असतें.

‘लिमू काला’ या जातीची गोष्ट तर मोठी गोड आहे. ‘काला’ म्हणजे सोडून देणें, क्षमा करणें. घरांत तेढ पडली म्हणजे सर्व माणसें एकत्र बसत, मनांतलें बोलून टाकीत, परस्परांस क्षमा करीत आणि हें शेवाळ खात. एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या आमच्या वाचकांस या विधीचें मोल चटकन् कळेल. असलें शेवाळ आमच्या बाजारांत मिळत नाहीं, हेंच वाईट!

हवाई लोकांचें ‘कुमुलिपो’ नांवाचें २,००० हून अधिक ओळींचें सृष्टिगान आहे. राजपद गमावलेल्या राणी लिलिउओकालानी यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर १८९७ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत अंधारांतून प्रथम जन्मास येतें तें पोंवळें. माणूस पुष्कळ मागाहून. म्हणजे नात्यानें पोंवळें वडील. शिवाय समुद्रांतील एकेका वनस्पतीस जमिनीवरची एकेक वनस्पति राखणदार म्हणून नेमून दिलेली आहे. किनाऱ्याच्या वेली आणि समुद्रांतील लिमू यांस तेथें एकाच घरचीं माणसें समजतात, तें यामुळेंच. तेथील वाळूवर ‘पोहुएहुए’ नांवाची जी वेल पसरते, ती म्हणजे कोंकणच्या पुळणीवरची आपली मर्यादावेलच. आपण तिला समुद्राची मर्यादा मानतों. हवाई लोक मात्र, लाटांवर स्वार होण्याची हौस आली आणि समुद्र शांत असला म्हणजे, तिच्याच वेलींचे फटके पाण्यावर मारून त्यास जागा करीत.